सहावा चिंचोका

५ जानेवारी

काल मला साठ पूर्ण झाली. लेकीने ही जाडजूड दैनंदिनी दिली आणि वर अट घातली: रोज एक पान, स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनाने. ती गणिताची शिक्षिका, घरीसुद्धा तिच्या तोंडून गृहपाठच निघतो. म्हणाली, "मजकूर मी वाचणार नाही बाबा, तुम्ही फक्त लिहा." वाचायचं नाही तर लिहायला कशाला लावते, हे काही मला कळलं नाही. रोज लिहिणं जमणार नाही. लिहिण्यासारखं घडेल तेव्हा लिहीन.

तर सुरुवात स्वतःपासून. चाळीस वर्षं लेथवर लाकूड उतरवतोय. या शहरातल्या अर्ध्या खुर्च्या माझ्या पायांवर उभ्या आहेत. ही फुशारकी नाही. कोणी मोजायला बसलं तर अर्ध्याहून जास्तच भरतील.

७ जानेवारी

वाचनालयाने खालचा मोठा हॉल खेळांसाठी उघडला आहे. नोटीस लागली आहे: एखाद्या जुन्या खेळातून नवा खेळ करून आणा आणि २ मार्चला सगळ्यांसमोर स्वतः खेळून दाखवा. जो निवडला जाईल त्याचा पट हॉलच्या मधल्या टेबलावर कायमचा बसवणार, आणि करणाऱ्याचं नाव पितळी पट्टीवर कोरणार.

ही बातमी समोरच्या कुलूपवाल्याने आणली. तीस वर्षं आमची दुकानं समोरासमोर आहेत आणि तीस वर्षं आम्ही एकमेकांची खोडी काढतो आहोत. म्हणाला, "तुझं काम नव्हे ते. तिथे डोकं लागतं, नुसते हात चालत नाहीत." म्हटलं, पितळी पट्टी बसवायला तुलाच बोलावीन, स्क्रू तुझेच लाव.

पुस्तकावर नाव छापून आलेली माणसं त्या इमारतीत हजारो असतील. लाकडावर नाव असलेला मी एकटा असेन.

८ जानेवारी

लहानपणी आत्या मला खळग्यांचा खेळ शिकवायची. दोन ओळी, प्रत्येकीत सहा खळगे, प्रत्येक खळग्यात चार चिंचोके. आपल्या ओळीतला एक खळगा रिकामा करायचा आणि हातातले चिंचोके पुढच्या खळग्यांत एकेक पेरत जायचं. शेवटी ज्याच्याकडे जास्त, तो जिंकला. आत्या गप्पा मारत मारत मला धुऊन काढायची.

आज जेवता जेवता सुचलं. प्रत्येक ओळीतला शेवटचा खळगा उथळ करायचा. पाच चिंचोके मावतील एवढाच, केसभरही जास्त नाही. ज्याच्यावर त्यात सहावा टाकायची पाळी येईल, त्याने तो खळगा ओसंडवला. सहाच्या सहा समोरच्याचे. म्हणजे स्वतः वाचायचं आणि समोरच्याला त्या सहाव्यापर्यंत ढकलत न्यायचं. साधा बदल आहे, पण खेळाचा नूर पालटतो. एवढी वर्षं लोक हा खेळ खेळत आले आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नाही, याचं मला नवल वाटतं. हात न धुताच दुकानात पळत होतो. ही म्हणाली, "अहो, जेवण तरी संपवा, तोवर खळगा काही भरून येत नाही."

१५ जानेवारी

पट तयार. जुन्या कपाटाच्या फळीतून काढला, खळगे गोल पटाशीने कोरले. दोन दिवस जास्त लागले कारण फळीत गाठी होत्या. पूर्वी मी अशा गाठी नुसत्या आवाजावरून ओळखायचो; हल्लीचं लाकूडच फसवं.

पॉलिश हिने केलं. तिच्या हाताची सफाई कोणालाच नाही, हे मी तिला सांगत नाही, इथे लिहून ठेवतो. पण पॉलिशचा दर्जा मात्र पार गेला. पूर्वी डबा उघडला की गल्लीच्या टोकाला कळायचं, आता नाक बुडवलं तरी वास नाही. भेसळ करतात मेले, असं मी म्हटलं. हिने डबा हुंगला आणि झाकण लावून टाकलं.

चहासुद्धा हल्ली अर्धा कपच मिळतो. विचारलं तर म्हणते, दोनदा घ्या म्हणजे गरम राहतो. आणखी एक खूळ. दुकानाच्या दारामागे ही खडूने रेघा मारते, काही उभ्या, काही आडव्या. किती पाय पॉलिश केले त्याचा हिशेब असणार. माझ्या मोजणीशी तो कधीच जुळत नाही, पण बायकोच्या हिशेबात नाक खुपसू नये.

२० जानेवारी

रोज संध्याकाळी सहाला आम्ही दोघं खेळायला बसतो. सुरुवात मी करतो, कारण खेळ माझा. सहा दिवसांत सहा डाव जिंकलो.

आज मात्र वाद झाला. हिच्यावर सहावा टाकायची पाळी आली. तिने तो चिंचोका दोन बोटांत धरला, पाचांच्या ढिगावर अलगद ठेवला आणि हात मागे घेतला. तो पडला नाही. वर टेकून राहिला. मी म्हटलं, सहा आण इकडे, ओसंडला. ही म्हणाली, "पडला नाही ना? मग तो तिथलाच."

मी तिला माप समजावलं. खळगा पाचाचा आहे, सहावा त्यात बसूच शकत नाही. हा बसलेला नाही, नुसता टेकलाय. ती म्हणाली, टेकलाय तर टेकू द्या. शेवटी मी नियम म्हणजे नियम म्हणून सहाही उचलले. तिने चिडायला हवं होतं, तर हसली.

२७ जानेवारी

कुलूपवाल्याला ओळीने तीन डाव हरवलं. आजचा दिवस सोन्याचा. तो म्हणतो चिंचोके मंतरलेले आहेत. हातच्या कांकणाला आरसा कशाला? हरला तो हरला. या वहीवर तारीख घालून ठेवतो, उद्या नाकबूल करेल.

२ फेब्रुवारी, रविवार

लेक आली होती. तिलाही दोन डाव हरवलं. तिने चौकटीचा कागद काढला आणि आईच्या हातचा चहा थंड होईपर्यंत त्यावर आकडे मांडत बसली. मग म्हणाली, "बाबा, आता सुरुवात मी करते." आणि मला हरवलं. परत तिने सुरुवात केली, परत हरवलं. मग तिने कागद माझ्याकडे सरकवला. सुरुवात करणाऱ्याने तिसरा खळगा आधी उचलला आणि पुढे अमुक क्रमाने खेळला, तर समोरच्यावर सहावा येतोच. समोरच्याने काहीही केलं तरी. सुरुवात ज्याची, जीत त्याची.

मी तो कागद चारदा तपासला. गणित तिला मीच शिकवलं होतं, पाढ्यांपर्यंत. चूक सापडली नाही.

म्हणजे मी इतके दिवस जिंकत होतो ते सुरुवात करत होतो म्हणून. तिसऱ्या खळग्याची मला सवयच लागली होती.

जाताना ती म्हणाली, दैनंदिनी लांबून दाखवा, मजकूर नको, नुसतं पान. मी दाखवलं. तिने पाच तारखेचं पान बघितलं, मग सगळ्यात शेवटचं लिहिलेलं. मी म्हटलं, बघ, अक्षर कसं बारीक आणि नेटकं होत चाललंय, दोन दिवसांचा मजकूर एका पानात मावतो. "हो," एवढंच म्हणाली. मुलीचं कौतुक करायला आपण मोठं मन ठेवावं आणि तिने बापाच्या अक्षराला एक शब्द देऊ नये.

४ फेब्रुवारी

आज लिहायचं नाही.

९ फेब्रुवारी

सात उपाय केले. उथळ खळगा मधे हलवला. खळगे वाढवले. चिंचोके वाढवले. लेक फोनवर दर वेळी दोन तासांत नवा क्रम काढून देते आणि म्हणते, सॉरी बाबा. पोर हुशार निघाली याचा अभिमान बाळगावा की तिचा फोन बंद करून ठेवावा हे ठरत नाही. दोन्ही वाटतं.

लेथवर एका स्टुलाचा पाय तुटला. पटाशी अडकली. लाकूड ओलं होतं.

११ फेब्रुवारी

संध्याकाळी पट मांडलाच नाही मी. ही स्वतः घेऊन आली, मांडला, आणि म्हणाली, "सहावा ठेवून बघायचा. राहिला तर सहाही ठेवणाऱ्याचे. पडला तर समोरच्याचे." आणि विणकाम घेऊन बसावं तशी शांत बसून राहिली.

मी हसलो. मग हसता हसता थांबलो. लेकीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, हे कागदावर सोडवता येणार नाही बाबा. गणिताने समोरच्याला सहाव्यापर्यंत नेता येईल, पण पुढे त्याचा हात काय करेल ते आकड्यात येत नाही. आईला म्हणावं, शाबास.

म्हणजे खेळ वाचला. डोकंही हवं आणि हातही हवा. हे माझ्या धंद्याचंच वर्णन झालं! इतकं आतून बरं वाटलं की मी लगेच खेळायला बसलो.

पाच डाव हरलो. माझा एकही सहावा राहिला नाही. हिचे राहतात, माझे घरंगळतात. टेबल डगमगतं आहे. उद्या पायाखाली पाचर मारतो.

१३ फेब्रुवारी

पाचर मारली. चिंचोके घरंगळतच आहेत. कुलूपवाला बघत उभा होता. म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." मग खरंच दुकानात जाऊन पाणसळ घेऊन आला आणि टेबलावर ठेवली. बुडबुडा मधोमध. टेबल फिरवून परत ठेवली. मधोमध.

मी टेबलाला हात टेकून वाकून बघत होतो. तेवढ्यात बुडबुडा हलायला लागला. बारीक, पण सारखा. कुलूपवाल्याने माझ्या हाताकडे बघितलं. मी हात उचलून खिशात घातला. बुडबुडा थांबला.

मला वाटलं आता टोमणा येणार. त्याने नुसती पाणसळ उचलली, काखेत मारली आणि म्हणाला, गिऱ्हाईक आलंय वाटतं. त्याच्या दुकानात कोणीही आलेलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी

लेक आणि ही, दोघींनी मिळून डॉक्टरकडे नेलं. लेकीने ही दैनंदिनी बरोबर घेतली होती. तिने डॉक्टरांना पाच जानेवारीचं पान दाखवलं आणि नऊ फेब्रुवारीचं. तेव्हा मलाही दिसलं. पहिल्या पानावरची अक्षरं मुगाएवढी, आणि नंतरची मोहरीएवढी, ओळीच्या शेवटी तर खसखशीचा दाणा. ज्याला मी नेटकेपणा म्हणत होतो, तो आजार होता. पॉलिशला वास न येणं हासुद्धा त्यातलाच, असं डॉक्टर म्हणाले. भेसळीचं मी बोललो नाही.

आजाराचं नाव लांबलचक आहे, ते मी इथे लिहिणार नाही. बरा होत नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो. लेथ बंद, धारदार हत्यारं बंद. रोज लिहायचं, मोठ्या अक्षरात. आणि बोटांनी बारीक वस्तू उचलून ठेवायचा व्यायाम करायचा. ही लगेच म्हणाली, तो चालू आहे.

रस्त्याने येताना मी दोघींवरही चिडलो होतो. कट करून माणसाला दैनंदिनी लिहायला लावतात. घरी आल्यावर राग उरला नाही, भीती उरली. हेही लिहून ठेवतो.

१८ फेब्रुवारी

दुकान उघडलं. लेथवर कापड घातलं.

२३ फेब्रुवारी

वाचनालयात आठवड्याने खेळून दाखवायचं आहे. मनात आलेलं खरं ते लिहितो.

जुना नियम सांगितला तर एका दिवसात कोणाच्याही लक्षात येणार नाही. सुरुवात मी करीन, तिसरा खळगा उचलीन, जिंकीन, सहावा माझ्यावर येणारच नाही. हात टेबलाखाली. पितळी पट्टी माझी. नवा नियम सांगितला तर खेळ खरा, पण शहरातल्या अर्ध्या खुर्च्यांचे मालक माझा हात बघतील. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही भीती नाही, लेथ तसाही बंद आहे. पण "त्याचा हात गेला" हे वाक्य मला ऐकायचं नाही. चाळीस वर्षं माझा हात हेच माझं नाव होतं.

हिला विचारलं. म्हणाली, "खेळ तुमचा, तुम्ही ठरवा." हे वाक्य ती भांडताना म्हणते त्या सुरात नव्हतं.

लेकीने जुना खेळ खोटा ठरवलाच आहे. पायात गाठ असलेली खुर्ची मी कधी पॉलिश करून विकली नाही. आता विकू?

२ मार्च, रविवार

सविस्तर लिहितो, हात दुखला तरी.

हॉलमध्ये नऊ खेळ होते. बाकीचे रंगीत, दिव्यांचे, एक तर वाजणारासुद्धा. माझा मधे, लाकडाच्या रंगाचा. मी नियम सांगितला. नवा. आणि शेवटी म्हटलं, सहाव्याचा नियम हिचा आहे, माझा नाही. ही मागे उभी होती, तिने पदराशी चाळा सुरू केला.

समोर स्वतः ग्रंथपाल बाई खेळायला बसल्या. सुरुवात मी त्यांना दिली. बाई हुशार. दहाव्या खेळीला सहावा माझ्यावर आणून ठेवला. लोक टेबलाभोवती दाटले होते. कुलूपवाला होता. मला कधी काळी लेथ शिकवणाऱ्या कारागिराची दोन्ही मुलंही होती.

मी चिंचोका उचलला. हात थरथरायला लागला, आणि तो थांबावा म्हणून जितका जोर लावला तितका जास्त. सगळ्यांना दिसत होतं. मी ठेवला. त्याने ढिगावर एक गिरकी घेतली आणि खाली जमिनीवर गेला. माझे कान तापले. त्या क्षणी मला घरी जायचं होतं.

कुलूपवाल्याने वाकून चिंचोका उचलला, पुसला, आणि बाईंच्या बाजूला ठेवला. म्हणाला, "पडला. सहा तुमचे. पुढे चला."

पुढे चाललो. पाच खेळ्यांनी सहावा बाईंवर आला. त्यांनी चष्मा सारखा केला. बाईंनी चिंचोका धरला आणि त्यांची बोटं थरथरायला लागली. माझ्याइतकी नाही, पण चांगलीच. मी म्हटलं, "बाई, माझा थरथरतो तो दुखण्याने. तुमचा कशाने?"

हॉल हसला. बाई हसल्या आणि चिंचोका पडला.

मग कोणाला आवरेना. रांग लागली. जो तो म्हणे, मला फक्त सहावा ठेवू द्या. लेथ शिकवणाऱ्याच्या थोरल्या मुलाचा हात थरथरला. बँकेतल्या माणसाचा थरथरला. कुलूपवाल्याचा तर इतका की मी पाणसळ मागवली. वाजणाऱ्या खेळाचा मालकसुद्धा रांगेत होता. वाचनालय बंद करायची घंटा दोनदा द्यावी लागली.

डाव मी हरलो. चार चिंचोक्यांनी. असा हरलेला डाव मी आयुष्यात खेळलो नव्हतो, छाती फुगून कोटाचं बटण तुटतं की काय असं वाटत होतं.

७ मार्च

पत्र आलं. खेळ निवडला. नाव काय लिहायचं, विचारलंय. मी महाचौकट, लाकूडराज वगैरे आठ नावं काढून ठेवली होती. लेक म्हणाली, बाबा, रांगेतले लोक जे म्हणत होते तेच. म्हणून "सहावा चिंचोका". पट्टीवर दोन नावं कोरायची आहेत, माझं आणि हिचं. हिने आधी नको म्हटलं, मग आपल्या नावाचं स्पेलिंग नीट लिहून दिलं.

१६ मार्च

वाचनालयाचा मोठा पट झाला. खळगे हिने कोरले. मी पाठीमागे उभा राहून पटाशी कशी धरायची, कुठे जोर, कुठे नाही, ते सांगत होतो. चार दिवस तिने माझं ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी म्हणाली, आता गप्प बसा, लाकूड मला काय सांगतं ते ऐकू द्या. दुसरा उथळ खळगा केसभर खोल गेला आहे. मी मापून बघितलं आणि तिला सांगितलं नाही. सहावा तिथे जरा जास्त टिकेल, टिकू दे.

दुकान झाडताना दारामागे उजेड पडला. खडूच्या रेघा. मी पहिल्यांदा नीट मोजल्या. शेजारी बारीक अक्षरात महिन्यांची नावं, गेल्या वर्षीच्या मेपासूनची, आणि रेघ रोज एक. त्या महिन्यात बहुतेक उभ्या. हिवाळ्यात आडव्या वाढत गेलेल्या. आम्ही रोज एकच पाय कधी पॉलिश केला नव्हता.

हिला विचारलं. ती ब्रश धूत होती. मागे न बघता म्हणाली, "ज्या दिवशी तुमचा हात सरळ चालला, त्या दिवशी उभी." मे महिन्यापासून. मी कपाटाच्या गाठींना आणि पॉलिशवाल्याला शिव्या देत होतो, आणि ही रोज संध्याकाळी खडू घेऊन इथे उभी राहत होती. अर्धा कप चहा कशासाठी, तेही आत्ता कळलं. मला रडू आलं. तिनेही बघितलं, आणि ब्रश धुवायला जरा जास्तच वेळ लावला.

सहा वाजता खेळायला बसलो. गोळ्यांचा फरक असेल, किंवा सरावाचा. चौथ्या डावात माझ्यावर सहावा आला. ठेवला. हात मागे घेतला. तो हलला, डुलला, आणि राहिला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो, पुढची खेळी कोणाची तेही विसरलो.

नंतर मी दारामागे जाऊन आजची रेघ स्वतः ओढली. उभीच ओढायची होती, पण हात डगमगला आणि ती नागमोडी आली. पुसून परत ओढावी म्हणून मी फडकं शोधत होतो. हिने येऊन बघितलं.

"राहू द्या," म्हणाली. "उभी आहे. मोजली."